आधी आईनं चाखायचं

कडूकाकांच्या हातात औषधाची नवी बाटली दिली की ते लेबल वाचायच्या आधी झाकण उघडत. करंगळीच्या टोकावर एक थेंब घेत, जिभेला लावत, डोळे मिटत आणि पंगतीच्या आमटीचं मीठ बघणाऱ्या आचाऱ्यासारखे क्षणभर थांबत. मग निकाल लागे. "समोरून गोड आहे. पण मागून येते." मागून येते म्हणजे गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी जो कडूपणा वर येतो तो. त्यांच्या हिशेबी कडूपणाचे चार प्रकार होते: समोरचा, मागचा, नाकात चढणारा आणि बसून राहणारा. यातला शेवटचा सगळ्यात वाईट, कारण तो पुढच्या जेवणापर्यंत उठत नाही. कोणतं औषध चाखायचं आणि कोणत्याला बोटही लावायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण जे चाखण्यासारखं आहे ते न चाखता एखाद्या लेकराच्या आईच्या हातात देणं त्यांना जमायचं नाही.

त्यांचं खरं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं. जबलपूरला नवीन असताना दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर मी ठसठशीत अक्षरात 'श्री. कडू' असं लिहून दिलं होतं, आणि ते गृहस्थ काही न बोलता डबा घेऊन गेले होते. आमच्या गोरखपूर भागातल्या पोरांनी त्यांना कडूकाका केलं होतं, कारण औषध देताना त्यांचा पहिला शब्द ठरलेला असायचा. "कडू आहे." इथल्या सरकारी फॅक्टरीच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेला, चेरीतालला राहणारा, सत्तरी ओलांडलेला हा माणूस रोज दहा ते एक आमच्या घराखालच्या मेडिकलमध्ये येऊन स्टुलावर बसायचा. दुकान त्यांच्या पुतण्याचं. गिऱ्हाइकं पुतण्याची, लहान पोरं काकांची. मोठ्या माणसांच्या औषधात त्यांना काडीचा रस नव्हता. मोठे लोक पाण्यासोबत गिळून टाकतात, त्यात कंपाउंडरनं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी मूळची साताऱ्याची. बँकेनं बदली केली म्हणून जबलपूरला आले. नवरा नोकरीपायी पुण्यात, आणि सोबत पाच वर्षांची सानू. पहिल्या दिवशी काकांनी सानूला "काहून रडून राहिली बेटा?" असं विचारलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. साताऱ्याच्या माणसाला आपली मराठी सोडून बाकी सगळी मराठी मोडकी वाटते, हा आमचा जुना रोग आहे. महिन्याभरात सानू मला "आई, काहून ओरडून राहिली?" असं विचारायला लागली आणि माझं हसणं बंद झालं.

थंडी सुरू होता होता एका सकाळी सानू उठली ती सुजलेल्या डोळ्यांनी. आधी मला वाटलं डास चावला असेल. दोन दिवसांत पाय सुजले, पोट फुगल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितला. लहान मुलांना होतो, बहुतेकांचा बरा होतो, घाबरू नका, म्हणाले. पण सहा आठवडे रोज सकाळी जेवणानंतर गोळ्या, त्यापुढे सहा आठवडे दिवसाआड. मीठ जवळजवळ बंद. आणि एकही दिवस चुकवायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. पातळ औषध तिनं पहिल्याच दिवशी उलटून टाकलं, तेव्हा ते म्हणाले की गोळ्या कुटून दिल्या तरी चालतील. तीन इवल्याशा पांढऱ्या गोळ्या. मला वाटलं, एवढंच ना.

मी हुशार बाई. बँकेत लोकांच्या सह्या ओळखते. पाच वर्षांच्या पोरीला फसवणं काय अवघड? पहिल्या दिवशी पूड गुळातुपाच्या पोळीत घातली. दुसऱ्या दिवशी शिऱ्यात. मग दह्यात, मग केळ्यात, आणि शेवटी वरणभातात, जो तिचा जीव की प्राण. दरवेळी "काही नाही गं, नुसतं वरण आहे" असं मी हसून सांगायची, आणि दरवेळी दुसऱ्या घासाला तिचं तोंड वाकडं व्हायचं. काही औषध पोटात जायचं, काही ताटात राहायचं, काही फ्रॉकवर. आठव्या दिवशी तिनं माझ्या हातचं पाणी प्यायच्या आधी पेला डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "यात काय आहे?" नुसतं पाणी होतं. तरी ती प्यायली नाही. बाथरूममधल्या नळाला तोंड लावून प्यायली.

मी खाली मेडिकलमध्ये गेले ते या औषधाला काही गोड पर्याय आहे का विचारायला. काकांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, कशात घालून देऊन राहिल्या? मी यादी सांगितली. खरं सांगायचं तर जरा अभिमानानंच सांगितली, इतक्या युक्त्या मी लढवल्या होत्या. काका ऐकत राहिले. मी वरणभातापाशी आले तेव्हा त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"ताई, तुम्ही औषध नाही लपवलं," ते म्हणाले. "तुम्ही वरण खराब केलं."

मला भयंकर राग आला. एकटी बाई परक्या गावात आजारी पोर सांभाळते आहे, आणि हा मला वरण शिकवतो. मी चिठ्ठी उचलली, पाय आपटत बाहेर पडले आणि पुढचे दोन दिवस त्या दुकानाकडे बघायचं नाही म्हणून रस्त्याच्या पलीकडून चालले. तिसऱ्या दिवशी सानूनं गोळीच्या भीतीनं नुसत्या पोळीचीही उलटी केली. तेव्हा नाक मुठीत धरून परत गेले. काकांनी जणू काही झालंच नाही अशा सुरात स्टूल पुढे केलं. मग एक गोळी मागितली, दोन चमच्यांमध्ये दाबून कागदावर कुटली, पूड पुडीत बांधली आणि कागदाला चिकटलेली धूळ माझ्यासमोर धरली. त्यांच्याकडे हा नियमच होता. चाखण्यासारखं औषध असलं की आधी आईनं चाखायचं.

मी म्हटलं, मला कशाला?

"तुम्ही काय देऊन राहिल्या ते माहीत पाहिजे ना जी."

मी जीभ लावली. सुरुवातीला काहीच नाही, आणि मग जे आलं ते मला शब्दात सांगता येत नाही. हा त्यांचा चौथा प्रकार होता, बसून राहणारा. बँकेत दोनदा चहा घेतला, एक लाडू खाल्ला, तरी दुपारच्या डब्यापर्यंत तो जिभेवर होता. आणि मी या पोरीला इतके दिवस 'नाटकं करू नकोस' म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली. शेजारच्या टेबलावरच्या दीदीनं विचारलं, तबियत ठीक नहीं है क्या, तर मी तिच्याकडे बडीशेप मागितली.

काकांचं ब्रीद साधं होतं आणि ते दर आईला सांगायचे. "कडू लपवा, औषध नका लपवू." म्हणजे जिभेला जितकं चुकवता येईल तितकं चुकवा, पण लेकराला माहीत असू द्या की आता औषध आहे. रोजच्या जेवणात तर घालायचंच नाही, कारण औषध बंद होते आणि जेवण जन्मभर असते. आणि औषधाला चॉकलेट म्हणायचं नाही. फॅक्टरीच्या दवाखान्यात असताना एका पोरानं 'लाल चॉकलेट' म्हणून घरातली अख्खी बाटली रिकामी केली होती. वाचलं ते पोर, पण ती रात्र आठवली की काकांचा आवाज अजून बारीक व्हायचा. कुणी आई म्हणाली की भैया, कोई मीठी दवा दो जो बच्चा माँगके पिए, तर ते हात जोडायचे.

सानूच्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत झाली. त्यांचा हुकमी एक्का मीठ. मिठाची एक कणी जिभेवर ठेवली की अर्धा कडू तिथंच मरते, हे ते शपथेवर सांगायचे. आणि सानूला मीठ बंद. साखर फार नको, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं. काका एक दिवस चक्क उदास होऊन बसले. पुतण्या मला म्हणाला, चाचा आज घर जाके खाना भी नहीं खाए. दुसऱ्या दिवशी ते खवा घेऊन आले. ज्या गावात जिलबीसुद्धा खव्याची करतात तिथं खव्याला तोटा नाही, पण काकांनी बिनसाखरेचा, ताजा, तुपाळ खवा चेरीतालच्या एका हलवायाकडून निवडून आणला होता. तुपाचा पदर जिभेवर बसला की कडूला आत शिरायला जागा मिळत नाही, असं त्यांनी मला समजावलं. डॉक्टरांना फोन लावायला सांगून त्यांनी त्यांचीही परवानगी घ्यायला लावली. स्वतःच्या मनानं एक कणही ते इकडचा तिकडे करत नसत.

रविवारी ते घरी आले आणि फरशीवर सानूसमोर मांडी घालून बसले. तिला म्हणाले, हे औषध आहे आणि फार कडू आहे. मी चाखलं. तुझ्या आईनं चाखलं, तेव्हा आईचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सानू किती दिवसांनी हसली. मग तिनं विचारलं की खव्यात घातल्यावर कडू लागणार नाही का? मी घाईघाईनं 'नाही' म्हणणार होते. काकांनी मला हातानं थांबवलं.

"थोडं लपते बेटा. पूरा नाही लपत."

मग काकांनी तिला काम दिलं. आधी बर्फाचा तुकडा जिभेवर फिरवायचा, जीभ झोपली की सांगायचं. मग खव्याची थंड चपटी गोळी, आत पूड. चावायची नाही, जिभेवर जरा मागे ठेवून गिळायची. आणि नंतर काय खायचं ते तिनं ठरवायचं. तिनं मटार मागितले. जबलपूरच्या थंडीत मटाराचे ढीगच्या ढीग लागतात, ताजे मटार साखरेसारखे गोड असतात. सात शेंगा मोजून तिनं पुढ्यात ठेवल्या. गिळताना चेहरा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण गेलं. शेंगा सोलता सोलता तिनं निकाल दिला, "काका, मागून आला." काका एकदम खूश झाले. चाळीस वर्षांत इतका नेमका पेशंट मिळाला नाही, म्हणाले.

त्यानंतर ते रोज आठाच्या सुमारास चेरीतालहून ताजा खवा घेऊन यायचे. मी शंभरदा म्हटलं, काका, मी आणीन. ते म्हणायचे, तुम्हाला हलवाई फसवेल. खरं कारण असं होतं की सानूला त्यांच्याशिवाय चालायचं नाही आणि त्यांनाही सानूशिवाय. काकांना मूल नव्हतं. हे ते कधी बोलले नाहीत, मला काकूंकडून कळलं. काकू गोऱ्या, ठेंगण्या, ऐकायला जरा कमी येणाऱ्या. त्यांनीच मला हेही सांगितलं की अख्ख्या गावाला कडू गिळायला शिकवणारा हा माणूस घरात कारलं आणू देत नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, एकदाही त्यांच्या चुलीवर कारलं चढलं नव्हतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, ड्यूटी संपली की कडू बंद.

दुकानात त्यांना बघणं हा माझा विरंगुळा झाला होता. एकदा मझौली गावाहून एक बाई आली होती, काखेत दहा महिन्यांचं पोर, हातात तापाच्या औषधाची अर्धी सांडलेली बाटली. पोराचं नाक दाबून चमच्यानं औषध ओतायची तिची पद्धत. काका तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी पोर मांडीवर उभं धरलं, ड्रॉपर जिभेवर न नेता गालाच्या आतल्या बाजूला लावला, थेंब थेंब सोडला आणि पोराच्या तोंडावर हलकेच फुंकर मारली. पोर दचकलं आणि गिळून मोकळं झालं. त्या बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, बाबूजी, आपने मंतर पढ़ा क्या? काका गंभीरपणे म्हणाले, हौ, पर पहले तुम चखो. तिनंही चाखलं.

इकडे घरी सानू गोळी घेत होती, सूज उतरत होती, पण एक गोष्ट सुटत नव्हती. माझ्या हातच्या प्रत्येक घासाला तिचा प्रश्न असायचा. यात काय आहे? मी दरवेळी खरं सांगायची. फक्त भात आहे. फक्त दूध आहे. ती ऐकायची, वास घ्यायची आणि मग खायची. गोळ्यांनी मूत्रपिंड सुधारत होतं. मी जे बिघडवलं होतं ते सुधारेल का, हीच मला धास्ती होती. काकांना विचारलं तर म्हणाले, त्याचं औषध माझ्याकडे नाही, रोज खरं बोलत राहा. पाचव्या आठवड्यात एका दुपारी मी वरणभात वाढला, फोन वाजला म्हणून आत गेले, आणि बाहेर आले तर तिचं अर्धं ताट संपलं होतं. तिनं काही विचारलं नव्हतं. मी परत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "आता नका खराब करू."

सहा आठवडे संपले. गोळ्या दिवसाआड झाल्या, काकाही दिवसाआड येऊ लागले. आणि मधल्याच एका दिवशी, गोळी नसलेल्या दिवशी, दुकानाचं शटर अकरा वाजले तरी उघडलं नाही. पुतण्याचा फोन आला. काका सकाळी अंघोळ करून देवासमोर बसले होते, तिथेच कलंडले. मी बँकेतून तशीच चेरीतालला गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, सानूसाठी उद्याचा खवा सांगून आले होते हो कालच. मी त्यांच्याजवळ बसले. काका माझे कोण होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण माझे वडील गेले तेव्हा जितकं रडले नव्हते तितकी मी त्या ओसरीत रडले.

सानूच्या गोळीचे अजून नऊ दिवस बाकी होते. संध्याकाळभर फोन चालू होता. नवरा म्हणाला, तिला सांग काका गावाला गेलेत, औषध संपू दे. माझ्या आईनं साताऱ्याहून तेच सांगितलं. पुतण्याची बायको म्हणाली, बच्ची है, अभी मत बताइए, बोल दीजिए गाँव गए हैं. मलाही पटलं होतं. पोरीनं तोंड मिटलं तर नऊ दिवसांचं काय करायचं? सूज परत आली तर? मी फोनवर हो हो म्हणत होते, आणि काय सांगायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. काकूंच्या भावाकडे, मोठं लग्न, महिनाभर.

सकाळी आठला सानू दाराशी जाऊन बसली. मी खवा आणला होता, त्याच हलवायाकडून. सव्वाआठ झाले. ती आत येऊन म्हणाली, "काका काहून नाही आले?"

मी तोंड उघडलं, आणि जुळवलेलं वाक्य बाहेर आलं नाही. ते वाक्य बोलले असते तर आणखी एक वरण खराब झालं असतं. मी खाली बसले आणि म्हटलं, सानू, काका वारले. काल. आता ते कधीच येणार नाहीत. मला फार रडू आलं होतं म्हणून माझे डोळे सुजलेत.

तिनं शेंगांची वाटी जमिनीवर उपडी केली, आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखाली शिरली. गोळी घेणार नाही म्हणाली. मी ओढून काढली नाही. बँकेत रजा कळवली, डॉक्टरांना फोन केला; ते म्हणाले गोळी आजच्या दिवसात कधीही गेली तरी चालेल, पण पोटात गेली पाहिजे. दहा वाजले, बारा वाजले. मी पलंगाशेजारी फरशीवर बसून होते. आत मधूनमधून रडण्याचा आवाज यायचा, मग शांत व्हायचं. जन्मात मला इतकी भीती वाटली नव्हती. खरं बोलून मी तिचं औषधच थांबवलं, असं मला वाटत होतं, आणि हा हिशेब विचारायला आता कुणीच नव्हतं.

दीडच्या सुमाराला ती बाहेर आली. केसांना धूळ लागलेली, चेहरा लाल. स्वतः जाऊन खुर्चीवर बसली. मी तिला चार घास भरवले, खव्याची गोळी केली, पूड आत भरली. गोळी तिच्या तोंडाशी नेली तर तिनं ओठ मिटले आणि माझं मनगट धरलं.

"काकूंना सांगितलं का?"

मी म्हटलं, हो.

"गावाला गेले असं तर नाही ना सांगितलं?"

म्हणजे संध्याकाळचे सगळे फोन तिनं ऐकले होते. मी म्हटलं, नाही गं. त्यांना खरं माहीत आहे. आपल्याही आधीपासून माहीत आहे.

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग मनगट सोडलं आणि तोंड उघडलं.